जीपचा रहाट

(कोल्हापूर येथे कार्यकर्ते व वाहनचालक यांच्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जीपला बसवलेल्या विंचबद्दल मी बोलावे असे ठरले आहे. मी ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केलेला माणूस. गाडीखाली झोपून नट आवळणे हा माझा विषय नव्हे. पण या विंचसाठी देणगीदारांकडे हात मीच पसरला, आणि ती वापरताना सर्वांत मोठी चूकही माझ्याच हातून झाली. तेव्हा हिशेब मीच द्यायला हवा.

ही गरज कुठून निघाली ते तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी, जुलै महिन्यात, गगनबावड्याकडच्या एका धनगरवाड्यावरून एका बहिणीला बाळंतपणासाठी खाली आणत होतो. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जांभ्याची तांबडी माती भिजली की तिच्यावर पाय ठरत नाही, तिथे चाक काय ठरणार? गाडी सरकून कडेच्या चरीत गेली. चारही चाके फिरत होती आणि गाडी आणखी खाली बसत होती. शेवटी वाड्यावरच्या माणसांनी बांबूला घोंगडे बांधून डोली केली आणि त्या बहिणीला अंधारातून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. ती वाचली. बाळ वाचले नाही. उशीर झाला नसता तर वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पण त्या रात्री चरीत रुतलेली ती गाडी माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

आता विंच म्हणजे काय? आपल्या आजोबांच्या विहिरीवर रहाट होता. तसाच हा गाडीच्या तोंडावर बसवलेला रहाट. लोखंडी ढोलावर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. दोराचे टोक पुढे झाडाला बांधायचे, ढोल फिरवायचा, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते.

विंच दोन प्रकारची मिळते, बॅटरीवर चालणारी आणि इंजिनावर चालणारी. बॅटरीची बसवायला सोपी आणि इंजिन बंद पडले तरी थोडा वेळ चालते. पण पूर्ण जोराने ओढताना ती ३०० ते ४०० अँपिअर करंट खाते. आपल्या जुन्या जीपचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. बाकीचे सगळे बॅटरीतून जाते, काही मिनिटांत बॅटरी बसते आणि मोटर तापते. इंजिनावरची, म्हणजे मेकॅनिकल विंच, हळू ओढते; पण इंजिन चालू आहे तोवर ती थकत नाही. बैलजोडीसारखी सावकाश, एका लयीत ओढत राहते. मात्र इंजिन बंद पडले की ती नुसते ओझे. हे दोन्ही लक्षात घेऊन आपण मेकॅनिकल घेतली, तीही जुनी.

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींनी ती बसवली, त्यांनी मला गाडीखाली घेऊन एक झाकण दाखवले. आपली गाडी विलिज जीपच्या घराण्यातली. या जातीच्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते आणि तिच्या मागच्या अंगाला हे झाकण असते. ते काढले की इंजिनाची ताकद चाकांऐवजी दुसऱ्या कामाला घेता येते. १९४५ साली विलिज कंपनीने सामान्य लोकांसाठी सीजे-२ए जीप काढली, ती शेतकऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच. त्याच तोंडावर लाकूड कापायची करवत आणि पाण्याचा पंपही चालवता येत असे. नव्या बहुतेक गाड्यांना अशी सोय नसते, म्हणून कोणी आपल्या गाडीला अशीच विंच बसवायचे म्हणत असेल तर आधी खाली वाकून पाहा, मग पैसे मोजा.

त्या झाकणाच्या जागी मेस्त्रींनी जोडगिअर बसवला. तिथून एक दांडा इंजिनाच्या बाजूने पुढे आणला. वाटेत सायलेन्सरचा पाइप आणि पुढचा धुरा चुकवायचे होते, म्हणून दांड्याला दोन ठिकाणी क्रॉस घातले. दांडा फिरताना कोणाचे धोतर, ओढणी अडकू नये म्हणून त्यावर पत्र्याचे कवच बसवले. विंच बंपरवर बसवलेली नाही. मेस्त्री म्हणाले, “फादर, बंपर धडक खायला असतोय, वडायला न्हाई.” मी फादर नाही हे त्यांना अजून पटलेले नाही. विंच चासीच्या दोन्ही दांड्यांना जाड पट्ट्या लावून नट-बोल्टने पकडली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने चासी कमजोर होऊ शकते, म्हणून तिथे वेल्डिंग टाळले. पुढे एवढे वजन वाढल्यावर गाडी नाकावर बसू लागली, तेव्हा पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करण्यावर बंधने आहेत, म्हणून आधी आरटीओत विचारायचे. सेवेची गाडी आहे म्हणून कायदा आपल्यासाठी बाजूला होत नाही.

आता माझी चूक.

या दांड्याला विंचजवळ एक छोटी पिन असते. ती मुद्दाम मऊ लोखंडाची करतात. ओढ प्रमाणाबाहेर गेली की आधी पिन तुटते आणि दोर, गिअर, माणसे वाचतात. हे मेस्त्रींनी मला सांगितले होते. मी मान डोलावली होती.

गेल्या वर्षी धान्य घेऊन जाताना गाडी पुन्हा रुतली. त्या दिवशी आजारी कोणी नव्हते, घाईचे कारण नव्हते. दोर फणसाच्या झाडाभोवती फिरवला, हुक त्याच दोरात अडकवला आणि ओढायला लागलो. पिन तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. तिसरी नव्हती. मी आपल्या चालकबंधूंना म्हणालो, पेटीतला एखादा बोल्ट घाला. ते नको म्हणत होते. मी आग्रह केला. बोल्ट कडक होता. तो तुटला नाही. मग त्याच्यानंतर जे सर्वांत कमजोर होते ते तुटले, म्हणजे दोर. आपला ८ मिलिमीटरचा दोर नवा असताना साधारण ४ टनांवर तुटतो. पण हुक स्वतःवर अडकवल्याने तो एका जागी मुडपला होता, तिथेच गेला. सुटलेले टोक चाबकासारखे मागे आले. बॉनेट फाटले, रेडिएटर फुटला. बांधावर गाडीची गंमत बघत मुले उभी होती. एका दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून, वीतभर अंतरावरून, ते टोक गेले.

कोणाला लागले नाही. पण त्या पोराची आजी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “गाडीला दोर लावलास, पन पोरास्नी लांब व्हा म्हनायचं सुचलं न्हाई व्हय रं तुला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. फणसाच्या सालीत दोराने गोल खाच पाडली होती. साल पूर्ण गोल कापली गेली तर झाड वाळते. ज्या घराचे ते झाड, त्या घराला उन्हाळ्यात त्याच फणसांचा आधार. मदत करायला गेलो आणि एका दुपारी त्यांचे पोर आणि झाड दोन्ही घालवायला निघालो होतो.

घरी आल्यावर मला एक गोष्ट कळली. पिन तुटणे हा बिघाड नव्हता. गाडी मला ‘थांब’ म्हणत होती. ते ऐकायला मी तयार नव्हतो, म्हणून तिचे तोंड बंद केले.

म्हणून यंदा पाऊस सुरू होण्याआधी पुढच्या गोष्टी सर्वांनी पाळायच्या आहेत.

पहिली, विंचच्या आधी फावडे. सगळे खाली उतरा, सामान उतरवा, चाकांपुढचा चिखल काढा, दगड घाला. पोटापर्यंत रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतकी किंवा जास्तही ओढ लागते. चिखल काढला की ती बरीच कमी होते. कित्येकदा विंच लागतच नाही.

दुसरी, झाडाला नेहमी रुंद पट्टा, अगदी बुंध्याशी. दोर झाडाला लावायचा नाही आणि स्वतःवर अडकवायचा नाही. झाड ज्यांचे, त्यांना आधी विचारायचे. झाड नसेल तर पहारी एकामागे एक ठोकून एकमेकींना बांधा, नाहीतर स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला दोर लावा.

तिसरी, ओढ कमी पडते असे वाटले तर कप्पी लावून दोर दुहेरी करा. वेग निम्मा होतो, जोर जवळजवळ दुप्पट. दोर जास्तीत जास्त सोडा, कारण ढोलावरच्या सर्वांत आतल्या थरावर ओढ सर्वांत जास्त असते. पण पाच वेढे तरी ढोलावर राहू द्या.

चौथी, जाड हातमोजे घाला. ताणलेल्या दोरावर भिजलेले पोते टाका, तुटला तर कमी उडेल. ताणलेला दोर कोणीही ओलांडायचा नाही. सगळी माणसे दोराच्या लांबीपेक्षा दूर. मुलांना लांब नेणे हे एका माणसाचे स्वतंत्र काम, आणि तो माणूस दुसरे काहीही करणार नाही.

पाचवी, पिनांची डबी गाडीत कायम, मेस्त्रींनीच दिलेल्या पिनांची. दोन पिना तुटल्या की ओढणे बंद. मग वाड्यावर जाऊन माणसे बोलवायची, डोली करायची. आणि चालक ‘नको’ म्हणाला तर ते ‘नको’ अखेरचे, समोर मी असलो तरी.

विंच बसवली म्हणून प्रत्येक वाट आपली झाली असे नाही. त्या जुलैच्या रात्री डोली वाहणारे खांदे कोणत्याही विंचपेक्षा भरवशाचे होते, हे विसरू नका. म्हणून बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या बहिणींना पाऊस जोर धरण्याआधी खाली नातेवाइकांकडे आणण्याची यादी आजच करू. विंच त्या यादीनंतरची गोष्ट आहे.

फणसाचे झाड जगले. आम्ही खाचेला शेणमाती लावली होती. परवा गेलो तेव्हा आजीने एक फणस गाडीत ठेवला आणि तो पोरगा आपणहून बांधाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

बैठकीनंतर सर्व चालकांनी दोर उलगडून दाखवावा. तुटलेली एक जरी तार हाताला लागली तरी सांगा. लपवू नका, मीही आज लपवले नाही.