भोपळ्याचा झंकार, गुराख्याची बासरी



भोपळ्याची वाद्यं आपल्याला नवी नाहीत. मिरजेचा तंबोरा घ्या, वारल्यांचा तारपा घ्या. आज आपण पश्चिम आफ्रिकेचा बालाफोन ऐकणार आहोत, त्यातही भोपळाच. लाकडी पट्ट्यांखाली लहानमोठे भोपळे टांगलेले असतात आणि त्यांना पाडलेल्या भोकांवर पातळ पडदा चिकटवतात. पूर्वी तो कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा असे, आता बरेचदा प्लास्टिकचा. पट्टीवर काठी पडली की पडदा थरथरतो आणि सुरामागे गुंजन उठतं. माइक बिघडला असं समजू नका बरं का! तंबोऱ्याच्या घोडीवर धागा सरकवून आपण जी जवारी शोधतो, तिची ही चुलत बहीण. ती समोर बसून ऐकण्यातच मजा आहे.

जोडीला फुला गुराख्यांची बासरी आहे. तिला भोकं फक्त तीन. वादक फुंकता फुंकता गातो, गुणगुणतो, मध्येच बोलतोसुद्धा. निवळ सुराची सवय असलेल्या आपल्या कानांना पहिली पाच मिनिटं जरा जड जातील.

आता पैशाबद्दल. ‘मदतनिधीचा कार्यक्रम, मग कलावंतांना मानधन कशाला?’ असं काही सभासदांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मुलींच्या वसतिगृहासाठी प्रत्येक युरो मोलाचा आहे. पण मांदे समाजात ही विद्या ‘जेली’ घराण्यांकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. वंशावळी, राजांच्या कथा, लग्नाची गाणी त्यांनी सांभाळायची आणि समाजाने त्यांना सांभाळायचं, असा तो व्यवहार. गिनीतल्या न्यागासोला गावी कुयाते वंशाच्या घराण्याने जपलेला ‘सोसो बाला’ १३व्या शतकातल्या सुमांगुरु कांते राजाचा मानतात. वीस पट्ट्या, लांबी सुमारे दीड मीटर. २००१ साली युनेस्कोनेही त्याची दखल घेतली. इतकी वर्षं हे टिकलं ते फुकट वाजवून नव्हे.

तिकडे वादन रंगलं की लोक पुढे येऊन वादकाला नोट देतात. आपल्या फडावरची दौलतजादा आठवा! स्टुटगार्टच्या सभागृहांत आपल्याला टाळ्यांचीच सवय.

म्हणून कार्यकारिणीने ठरवलं आणि मानधन पूर्ण, तेही आधीच दिलं. तिकिटांची उरलेली रक्कम आणि दारातल्या पेटीतलं सगळं वसतिगृहाला जाईल. रंगमंचाजवळची टोपली मात्र वादकांची. वादन चालू असताना उठून तिथवर जायला लाजू नका.