प्रथिनांचे ज्ञानभांडार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द सांगावेत अशी संस्थेच्या चालकांनी आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषयाचे नाव ऐकून कित्येकांच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. परंतु या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की ज्यातील कोणी ना कोणी मधुमेहाने गांजलेले नाही. त्या घरातल्या इन्शुलिनच्या कुपीपासूनच आपण आरंभ करू, म्हणजे विषय परका वाटणार नाही.

इन्शुलिन हे एक प्रथिन होय. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी निसर्गाजवळ आहेत. ते निरनिराळ्या क्रमाने ओवून त्याने अगणित प्रथिने घडविली. इन्शुलिनमध्ये असे ५१ मणी असून ते दोन सरांत ओवलेले आहेत. एकात २१, दुसऱ्यात ३०. परंतु केवळ मण्यांचा क्रम कळला म्हणजे प्रथिन कळले असे नव्हे. हे सर विशिष्ट रीतीने दुमडतात, आणि त्या घडीवर प्रथिनाचे कार्य अवलंबून असते. किल्लीचे दाते बदलले, तर कुलूप उघडत नाही, तसेच हे आहे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला. त्यावरील हक्क १९२३ साली टोरांटो विद्यापीठास देताना बँटिंग व त्यांचे सहकारी यांनी प्रत्येकी अवघा एक डॉलर घेतला, हे आवर्जून ध्यानात ठेवावे. पुढे फ्रेडरिक सँगर यांनी मण्यांचा क्रम उलगडला व त्यासाठी त्यांस १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घडीचे काम मात्र फार बिकट होते. डोरोथी हॉजकिन या विदुषीने इन्शुलिनच्या स्फटिकाची क्ष-किरण छायाचित्रे १९३५ साली प्रसिद्ध केली आणि रचना हाती आली ती १९६९ साली! चौतीस वर्षांची ही तपश्चर्या. त्या अखेरच्या यशात एम. विजयन हे भारतीय संशोधकही सहभागी होते. त्यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या शास्त्राची परंपरा रुजविली.

या खटाटोपाचा रोग्यास उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. पूर्वी इन्शुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली मानवी इन्शुलिनचे जनुक जीवाणूत घालून ते प्रयोगशाळेत निर्माण करण्यात आले, आणि १९८२ साली अमेरिकेत ते औषध म्हणून संमत झाले. परंतु कुपीतील इन्शुलिनचे रेणू सहा-सहाच्या गटाने एकमेकांस बिलगून बसतात. टोचल्यानंतर ते सुटे होण्यास वेळ लागे, म्हणून रोग्याने जेवणापूर्वी अर्धा तास सुई घ्यावी आणि घड्याळाकडे पाहत बसावे! हे रेणू परस्परांस कोठे धरतात, ते रचनेवरून कळले होते. तेव्हा मोठ्या सरातील २८वा आणि २९वा मणी यांची शास्त्रज्ञांनी अदलाबदल केली. पकड सैल झाली आणि औषध त्वरित लागू पडू लागले. असे इन्शुलिन १९९६ साली वापरात आले. हेच ते मनुष्याने हेतुपूर्वक बदललेले प्रथिन.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एका प्रथिनासाठी एका विदुषीचे अर्धे आयुष्य खर्ची पडले. असे ज्ञान ज्याच्या त्याच्या कपाटात राहिले असते, तर प्रत्येक पिढीस पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागले असते. हे ओळखून १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, वॉल्टर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने, प्रथिन-रचनांचे एक सार्वजनिक भांडार स्थापन झाले. आरंभी त्यात केवळ सात रचना होत्या. त्या चुंबकीय फितींवर उतरवून टपालाने पाठवीत. २०२३ साली या भांडाराने दोन लक्षांचा टप्पा ओलांडला. कोणाही विद्यार्थ्यास, कोणत्याही देशातून, एक पैही न देता ते संगणकावर पाहता येते.

आपल्या मद्रास विद्यापीठाचाही यात मोलाचा वाटा आहे. १९६३ साली जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी, प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, याचा आलेख सिद्ध केला. भांडारात येणारी प्रथिनाची रचना आजही त्या आलेखाशी ताडून पाहतात. तसेच औषध म्हणून मान्यता पावलेल्या प्रथिनांचा एक स्वतंत्र कोश चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेत संमत झालेल्या २३९ औषधांची माहिती आहे.

भांडार भरले ते सर्वांनी आपखुशीने भरले, असे मात्र समजू नये. आपल्या संस्थेची कुटुंबसूची तयार करताना घरोघरचे तक्ते मागविण्यास किती पत्रे धाडावी लागतात, हे चिटणीसांस विचारावे! शास्त्रज्ञांतही तोच प्रकार होता. निबंध प्रसिद्ध करावा, कीर्ती मिळवावी, आणि रचनेचे आकडे मात्र स्वतःपाशी ठेवावेत, अशी अनेकांची रीत होती. १९८०च्या दशकात काही विचारी संशोधकांनी याविरुद्ध आवाज उठविला. पुढे प्रमुख नियतकालिकांनी दंडक घातला, की रचना भांडारात जमा केल्याविना निबंध छापला जाणार नाही.

त्या दंडकाचे फळ आपण सर्वांनी चाखले आहे. करोनाच्या विषाणूवरील काट्यासारख्या प्रथिनाची रचना फेब्रुवारी २०२० मध्येच जगापुढे आली. त्या प्रथिनात दोन ठिकाणी प्रोलिन नावाचा मणी बसविला, तर त्याचा लसीस उपयुक्त आकार टिकून राहतो, ही युक्ती मर्स रोगाच्या विषाणूच्या अभ्यासातून अगोदरच हाती आली होती. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये भारतात संमत झालेल्या कोव्होव्हॅक्स लसीत असेच सुधारलेले प्रथिन आहे.

याहूनही नवल पुढे आहे. निसर्गात कोठेही नसलेले, ९३ मण्यांचे एक प्रथिन डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने संगणकावर योजून २००३ साली सिद्ध केले. भांडारातील रचनांवर शिकविलेल्या अल्फाफोल्ड नामक संगणक-प्रणालीने २०२२ सालापर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या घडींचे अनुमान केले. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेकर, तसेच डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांस मिळाले, ते याच कार्यासाठी. त्यांच्या यशाचा पाया हजारो अप्रसिद्ध संशोधकांनी पन्नास वर्षे भांडारात घातलेल्या भरीवर उभा आहे, हे विसरता कामा नये.

आणि येथेच आम्हांस चिंता वाटते. सार्वजनिक ठेव्यावर पोसलेली विद्या खाजगी तिजोरीत जाऊ पाहते. मे २०२४ मध्ये अल्फाफोल्डच्या नव्या आवृत्तीचा निबंध प्रसिद्ध झाला, पण तिची कार्यसंहिता रोखून धरण्यात आली. शास्त्रज्ञांनी निषेध केला, तेव्हा कोठे ती नोव्हेंबरात विद्यापीठीय संशोधनापुरती खुली झाली. औषधी कंपन्यांनी स्वखर्चाने शोधलेल्या अनेक रचनाही भांडारापर्यंत पोचत नाहीत. ज्याने पैसा घातला त्याने नफा मिळवू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु विहिरीतून पाणी काढणाराने तिचा गाळ उपसण्यासही हात लावावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

हा धडा आपणांस नवा नाही. रामबाण मात्रा ठाऊक असणारे वैद्य आपल्याकडे थोडे का होऊन गेले? पण ती मात्रा बापाने मुलाच्या कानात सांगावी, आणि मुलगा नसला तर ती बापाबरोबरच सरणावर जावी, असे पुष्कळदा घडले. लपविलेली विद्या घराण्याच्याही उपयोगी पडली नाही.

म्हणून जाता जाता दोन विनंत्या. आपल्या मुलामुलींना हे शास्त्र शिकू द्यावे. रसायन, जीवशास्त्र व गणित यांची आवड आणि एक साधा संगणक एवढ्यावर हे जगद्विख्यात भांडार त्यांस खुले आहे. त्यासाठी परदेशचे तिकीट लागत नाही. आणि संस्थेच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून शिकून जे पुढे जातील, त्यांनी आपल्या ज्ञानाची भर सर्वांच्या भांडारात घालावी. केवळ ज्ञातीच्याच नव्हे, तर सर्वांच्या. कारण इन्शुलिनची कुपी रोग्याची जात विचारीत नाही.