उशिरा आलेलं यंत्र



संगणकाच्या पिढ्यांचा तक्ता आज पदवी हाती घेतलेल्या तुम्ही सर्वांनी शाळेपासून पाठ केला आहे. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची, चौथी मायक्रोप्रोसेसरची. परीक्षेपुरता तक्ता ठीक आहे. पण त्यात उशिरा आलेल्याला जागा नसते, म्हणून आज मी अशाच एका उशिरा आलेल्या यंत्राबद्दल बोलणार आहे. ते आपल्या मुंबईत बांधलं गेलं.

१९५४ च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे डॉ. होमी भाभांच्या संस्थेतल्या, काही तरुणांनी इलेक्ट्रॉनिक संगणक स्वतः बांधायला घेतला. प्रमुख होते आर. नरसिंहन. बरोबरच्या बहुतेकांनी तोवर कधी संगणक वापरलेला नव्हता. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र उभं केलं, ते चालतंय म्हटल्यावर मोठं. १९६० मध्ये ते कामाला लागलं आणि पुढे १९६२ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं टिफ्रॅक.

त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी तापते, थकते, जळते. आणि नेमकी कुठली गेली हे शोधायचं तर अख्खं सर्किट डोक्यात असावं लागतं. स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. एका कडीत एक बिट. चुंबकत्व एका दिशेने फिरलं तर शून्य, उलट फिरलं तर एक. वाचायची रीत तर फारच सुरेख. कडीला शून्याकडे ढकलायचं. ती उलटली आणि तारेत क्षणभर वीज उमटली, तर तिथे एक होता. पण वाचता वाचता तो पुसला गेला! मग लगेच तोच आकडा पुन्हा लिहायचा. चाळीस बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द. तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोत याहून शेकडो पट माहिती असते.

तक्त्याच्या हिशेबाने हे यंत्र जन्मतःच म्हातारं होतं. ट्रान्झिस्टर १९४७ मध्येच बेल लॅबमध्ये तयार झाला होता आणि टिफ्रॅक सुरू झालं तेव्हा आयबीएम ट्रान्झिस्टरचे संगणक विकत होती. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचं काम संपलं. मग एवढा खटाटोप वाया गेला का? मी ठामपणे सांगतो, नाही. विकत आणलेल्या त्या मोठ्या यंत्रापाशी उभं राहून आत काय चाललंय हे सांगू शकणारी माणसं आपल्याकडे होती, कारण त्यांनी आधीचं यंत्र एकेक सांधा डाग देऊन जोडलं होतं. पुढच्या पिढीत यंत्र गेलं नाही, ती माणसं गेली.

एक खंत मात्र बोलून दाखवतो. ही कारागिरी प्रयोगशाळेतून कारखान्यात जेवढी उतरायला हवी होती तेवढी उतरली नाही. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना आडकाठी केली, तेव्हा आपली अडचण झाली. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नाही ना, मग बाजारात मिळणारे साधे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून सगळ्यांना एकदम कामाला लावा, असा तो विचार. पुढे साऱ्या जगातले महासंगणक समांतर गणनाच करू लागले.

आता तुमच्या काळाबद्दल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याच्या त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह सहा क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम बिटांच्या, प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट संस्थेतच आखले, तिथेच घडवले. आयबीएमने तर २०२३ मध्येच हजारावर क्यूबिटची चिप जाहीर केली होती. म्हणजे आपण पुन्हा उशिरा. तुमच्यापैकी कुणी या सहाच्या आकड्याला हसू नये, असं मला मनापासून वाटतं. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास, चालणारी ही चिप घडवणारे हात आपल्याकडे तयार होत आहेत. या कामाला भौतिकशास्त्राचे पदवीधर हवेत, सूक्ष्मलहरींची सर्किट जाणणारे इलेक्ट्रॉनिक्सचे हवेत, शीतकरण यंत्रणा सांभाळणारे मेकॅनिकलचे हवेत आणि चुका सुधारणारे प्रोग्राम लिहिणारेही हवेत. आज या सभागृहात हे सगळे बसलेले आहेत. पगाराचे मोठे आकडे दुसरीकडे असतील, घरी त्यावर वादही होतील. तरीही तुमच्यातल्या काही जणांनी या कामासाठी अर्ज करावा, ही माझी विनंती आहे.