शेळीचं वागणं बदललं, तर काय समजावं आणि काय करावं

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका. फक्त कान इकडे असू द्या.

सरडा रंग बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्या बांधावरच्या बाभळीवर तो घोयरा सरडा दिसतो ना, संथ चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, तो नुसता लपायला रंग बदलत नाही. सकाळी गारठलेला असला की ऊन शोषायला काळपट होतो. भ्याला, चिडला, तरी त्याच्या अंगावर दिसतं. परदेशात काही लोक असे सरडे घरात पाळतात. रोज बघून बघून त्यांना कळतं, की आज याचा रंग वेगळा आहे, हा दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलाय, म्हणजे काहीतरी बिघडलंय. आपल्या देशात या सरड्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडायचं नाही, पाळायचं नाही आणि विषारी समजून मारायचंही नाही. तो विषारी नाहीच.

पण त्या पाळणाऱ्यांची बघण्याची सवय आपल्या कामाची आहे. आपल्या दावणीला सरडा नसतो, शेळी असते. तीही आतलं बाहेर दाखवते. मात्र सरड्यासारखं ठळक दाखवत नाही. म्हणून आज बोलायचंय ते शेळीच्या वागण्याबद्दल.

2019 च्या पशुगणनेत आपल्या महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आपल्यासारख्या बायांच्या हातातल्या आहेत. शेतीचा सातबारा बहुतेक वेळा घरधन्याच्या नावावर असतो. शेळी मात्र आपली असते. पोराच्या वह्या-पुस्तकांना, सासूबाईंच्या औषधाला, गटाच्या हप्त्याला तीच उपयोगी पडते. ती गेली तर नुसतं जनावर जात नाही, बाईच्या हातातला पैसा जातो.

आता पहिली गोष्ट. शेळी आजार लपवते. मुद्दाम नव्हे, तिच्या जातीचा तो स्वभावच आहे. रानात कळपामधलं जे जनावर लंगडतं, मागं पडतं, त्याच्यावर लांडगा झडप घालतो. म्हणून शेळी जमेल तोवर बरी असल्यासारखीच राहते. ती आडवी पडून ओरडायला लागली, तेव्हा आजार सुरू झाला असं आपण समजतो. खरं म्हणजे तो आधीच सुरू झालेला असतो. त्या आधीची छोटी खूण ओळखायची, हेच आपलं काम.

छोटी खूण कशी ओळखायची? त्यासाठी निरोगी शेळी कशी वागते ते पाठ असायला हवं. दिवसातून तीन वेळा बघा. वेगळा वेळ काढायला नको, झाडलोट, चारा, पाणी करतानाच बघायचं.

सकाळी गोठ्यात गेलात की शेळी उठते का, उठून अंग ताणते का? कान हलते आहेत का, डोळे टवटवीत आहेत का? नाकावर ओलसरपणा आहे, पण घट्ट शेंबूड नाही ना? लेंड्या सुट्या, गोल आहेत, की पातळ झाल्यात? दुसरी वेळ चाऱ्याची. गव्हाणीपाशी रोज पुढं घुसणारी आज मागं राहिली का? तिसरी वेळ दुपारची. शेळ्या बसल्या की रवंथ करतात. जी रवंथ करत नाही, तिच्याकडे नीट बघा. डाव्या कुशीवर मूठ ठेवून बघा. पोट चालू असेल तर मिनिटात एक-दोन वेळा आतून हळूच ढकलल्यासारखं लागतं.

आमच्या एका गटातल्या काकूंचं उदाहरण सांगते. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. पण कुठली शेळी कुणाच्या मागून चालते, कुठली कुठल्या कोपऱ्यात बसते, ते तोंडपाठ. एक दिवस त्या म्हणाल्या, "ढवळी आज भिंतीकडं तोंड करून उभी हाय, पोरी." शेळी खात होती, ताप हाताला कळत नव्हता. घरातले म्हणाले, "काही झालं नाही, उगाच काय?" काकूंनी ऐकलं नाही, पशुसखीला बोलावलं. थर्मामीटर लावलं तर 105 डिग्री. नाकातून पाणी दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तोवर डॉक्टर येऊन गेले होते आणि ढवळी बाकीच्या शेळ्यांपासून वेगळी बांधली होती. ती वाचली, आणि बाकीच्या आठही वाचल्या.

थर्मामीटरचं सांगते. शेळीचं अंग माणसापेक्षा गरमच असतं. 102 ते 103.5 डिग्री हे तिचं नेहमीचं. उन्हातून आली असेल तर थोडं जास्त भरतं, म्हणून सावलीत बसवून मग बघा. 104 च्या वर गेलं तर ताप समजा. हात लावून ताप कळत नाही. गटात मिळून एक थर्मामीटर घ्या. तो शेळीच्या गुदद्वारात लावायचा असतो, म्हणून जनावरांचा वेगळाच ठेवा.

आता रंगाचंही सांगते. शेळीची खालची पापणी हळूच खाली ओढा. आतला भाग लालसर गुलाबी असेल तर चांगलं. फिकट, पांढुरका असेल तर अंगात रक्त कमी झालंय. पावसाळ्यात असं दिसलं आणि जबड्याखाली मऊ सूज आली, तर बहुतेक पोटातले रक्त पिणारे जंत. जंताचं औषध शेळीच्या वजनावर ठरतं. शेजारणीनं दिलं तेवढंच आपणही द्यायचं, असं करू नका. कमी दिलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

वागणं बदललं म्हणजे दर वेळी आजारच असतो, असंही नाही. शेळी सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा कमी खाते, दुसऱ्या शेळ्यांवर चढते, तर ती माजावर असेल. साधारण 18 ते 21 दिवसांनी माज येतो आणि दीड दिवसात उतरतो. तारीख लिहून ठेवा. गाभण शेळी साधारण 150 दिवसांनी विते. दिवस भरलेली शेळी बाजूला जाते, पायानं जमीन उकरते, उठते, बसते, मागं वळून बघते. ती वेणांची खूण. तिला कोरडी, स्वच्छ जागा द्या आणि लांबून लक्ष ठेवा. मात्र जोरात कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू दिसत नाही, तर थांबू नका. आत हात घालून ओढाओढ करू नका, डॉक्टरांना बोलवा.

आता काही वेळा अशा, की तिथं घटकाभरही थांबायचं नाही.

पहिली, पोटफुगी. डावी कूस फुगून वर येते, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते, शेळी दात खाते, पाय झाडते. ओला कोवळा घास जास्त झाला की असं होतं. तिला उभी ठेवा, पुढचे पाय उंचावर येतील अशी चढावर उभी करा. शेळी शुद्धीत असेल, गिळत असेल, तर मोठ्या शेळीला 50 ते 100 मिली गोडेतेल तोंडाच्या कडेनं हळूहळू पाजा. मान फार वर ताणू नका. ठसका लागला की थांबा. आडव्या पडलेल्या शेळीला काहीच पाजू नका, ते फुप्फुसात जातं. आणि हे करताना दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांना फोन लावायचा.

दुसरी, धान्य जास्त खाल्लेली शेळी. ज्वारीच्या-गव्हाच्या पोत्यात तोंड घातलं, लग्नातलं उरलेलं अन्न खाल्लं, तर पोटात आम्ल वाढतं. शेळी सुस्त होते, डुलते, हागवण लागते. खाताना तुम्ही बघितलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका.

तिसरी, विषबाधा. ज्वारीचं कोवळं पीक, पावसाच्या ताणानं सुकलेली ताटं, कापणीनंतर आलेले फुटवे, यांत विष असतं. शेळी एकदम धापा टाकते, लडखडते, पडते. कण्हेर, एरंड यांपासूनही लांब ठेवा. डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगा, जमलं तर त्या झाडाची फांदी दाखवा.

चौथी, चांगली धष्टपुष्ट करडं अचानक मरणं. पावसाळ्यात नवं गवत फुटलं की आंत्रविषार येतो. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. इथं वागणं बघायला वेळच मिळत नाही. म्हणून त्याची लस पावसाळ्याच्या आधीच टोचून घ्यायची, आणि पहिल्यांदा टोचत असाल तर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोसही घ्यायचा. पीपीआर, म्हणजे ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड आणि हागवण, हा रोग कळपच्या कळप साफ करतो. त्याची लस तीन महिन्यांच्या वरच्या करडांना देतात आणि तिचं संरक्षण साधारण तीन वर्षं राहतं.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या जिवाची आहे. कुत्रं चावलेल्या शेळीचा आवाज बदलला, लाळ गळायला लागली, ती अंगावर यायला लागली किंवा गिळता येईना, तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळणं असू शकतं. लाळ जखमेला लागली, किंवा ती चावली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्या. तसंच शेळी गाभडली तर ते उघड्या हातानं उचलू नका. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, चुना टाकून खोल पुरा. गाभण बाईनं तर तिथं जाऊच नये.

आता करायचं काय, ते क्रमानं सांगते. वेगळं वाटलं की आधी शेळी वेगळी बांधा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं करा. ताप बघा, पापणी बघा, लेंड्या बघा. कधीपासून, काय खाल्लं, गाभण आहे का, कुठली लस झाली, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. मग पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 हा टोल फ्री नंबर आहे, त्यावरून फिरत्या पथकाची गाडी मागवता येते. आणि माणसांच्या उरलेल्या गोळ्या शेळीला देऊ नका.

एवढं सगळं माहीत असूनही उशीर होतो, तो कशामुळं, ते मला गटांच्या बैठकांतून दिसतं. बाईला खूण दिसलेली असते. पण ती म्हणते, "हे आले की विचारते." ते रात्री येतात. घरात म्हणतात, "उद्या बघू." डॉक्टरांच्या गाडीचे, औषधाचे पैसे कुणी द्यायचे, यावर दिवस जातो. शेळी रोज कुणी बघितली? त्या बाईनं. निर्णय मात्र तिच्याकडं नसतो.

यावर गटात उपाय आहे. आमच्या काही गटांनी ठराव केलाय, की आजारी जनावरासाठी छोटं तातडीचं कर्ज बैठकीची वाट न बघता द्यायचं. अध्यक्ष आणि सचिव, दोघींनी हो म्हटलं की त्याच दिवशी पैसे, आणि पुढच्या बैठकीत नोंद. रक्कम आपल्या गटाच्या ताकदीनं ठरवा, पण ती आधी ठरवा. शेळी आडवी पडल्यावर चर्चा करून उपयोग नाही. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जपा. शेळी दगावली तर पुरण्याआधी विमावाल्यांना आणि डॉक्टरांना कळवा, नाहीतर पैसे अडकतात.

आणि दर बैठकीत पाच मिनिटं शेळ्यांना द्या. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, या आठवड्यात माझ्या शेळीचं काय वेगळं दिसलं. एकीच्या घरी खोकला, दुसरीच्या घरी शेंबूड, तिसरीच्या घरी हागवण. वेगवेगळं ऐकलं तर साधं वाटतं. एका सतरंजीवर बसून ऐकलं, तर गावात साथ येतेय हे चौथीच्या घरी पोहोचण्याआधी कळतं, आणि लसीकरणाचं शिबिर मागता येतं.

कुणी हसलं, की "बाई शेळीकडं काय टक लावून बघत बसलीय", तर हसू द्या. तुमचं बघणं हे काम आहे, आणि त्यावर घर चालतं. आज संध्याकाळी शेळ्या परत आल्या, की दारात उभ्या राहा. कोण आधी आलं, कोण मागं राहिलं, तेवढं बघा, आणि उद्यापासून वहीत लिहायला लागा.