घरातील हवेचे मोजमाप

वायुप्रदूषणाचा विषय निघाला की चर्चा सहसा रस्त्यावरील वाहनांची, कारखान्यांच्या धुराड्यांची आणि बांधकामांच्या धुळीची होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ सालापासून जाहीर होऊ लागला. त्याआधी २०१० साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही प्रणाली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी वापरात आली आणि पुढे पुणे व मुंबई या शहरांतही पोहोचली. या यंत्रणांमुळे शहराच्या हवेची स्थिती नागरिकांना कळू लागली. परंतु त्या मोजतात ती घराबाहेरची हवा, आणि माणसाच्या दिवसाचा मोठा भाग, त्यातही तान्ही मुले, वृद्ध, आजारी माणसे आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया यांचा जवळजवळ सारा दिवस, छपराखाली जातो. कोणत्या घरात खिडकी बंद आहे, कोठे फोडणीचा धूर कोंडला आहे, हे दूरच्या केंद्राला कळण्याचा मार्ग नाही. काही हजार रुपयांत मिळणारे घरगुती हवामापक यंत्र ही उणीव काही अंशी भरून काढते. ते काय मोजते, त्याच्या आकड्यावर कितपत विसंबावे आणि त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

घरातील हवा मोजण्याची निकड भारतातील खेड्यांनी जगाच्या ध्यानात आणून दिली. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप केले, आणि १९८३ साली ते प्रसिद्ध झाले. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे, की मोजणीचे साधन गावाच्या चावडीवर न बसवता स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या अंगावर बांधलेले होते. कारण प्रदूषण किती आहे यापेक्षा ते कोणाच्या फुप्फुसात किती शिरते, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाकाचा गॅस आल्याने हा भार पुष्कळ घरांत हलका झाला असला, तरी बंद सदनिकांमध्ये त्याने निराळी रूपे घेतली आहेत.

घरगुती यंत्रावर दिसणारा पहिला आकडा बहुधा ‘पीएम २.५’ या नावाने दाखवला जातो. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहून मोठे नसलेले, जे कण हवेत तरंगतात त्यांचे एका घनमीटर हवेतील वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगणारा हा आकडा आहे. इतके बारीक कण नाक आणि घसा यांच्या गाळणीत न अडकता फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात, म्हणून त्यांचे महत्त्व विशेष. अंधाऱ्या खोलीत उन्हाचा कवडसा पडला म्हणजे एरवी न दिसणारी धूळ जशी चमकू लागते, त्याच तत्त्वावर यंत्रातील संवेदक काम करतो: छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा किरण तीतून जातो, कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपला जातो आणि त्या प्रकाशावरून कणांचे वजन गणिताने अनुमानिले जाते. वजन प्रत्यक्ष केले जात नाही, हे येथे ध्यानात ठेवावयाचे.

या अनुमानातून यंत्राच्या मर्यादाही उद्भवतात. सुमारे ०.३ मायक्रॉनहून लहान कण पुरेसा प्रकाश विखुरत नसल्याने ते यंत्राला दिसत नाहीत, आणि तापलेल्या तेलातून उठणाऱ्या कणांत अशा अतिसूक्ष्म कणांची संख्या मोठी असते. त्यामुळे फोडणीच्या वेळी दिसणारा आकडा मोठा असूनही तो सत्यापेक्षा कमीच असण्याचा संभव असतो. याउलट दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र त्यांचे वजन वाढवून सांगते. प्रमाणित केंद्रांतील उपकरणे नमुन्याची आर्द्रता आधी कमी करून घेतात, पण घरगुती यंत्रात तशी सोय नसते; म्हणून कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात, सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असताना, आकडा चढलेला दिसला तर त्याच्या शेजारी दाखवलेली आर्द्रता वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ‘पीएम १०’ या नावाने दिसणारा जाड धुळीचा आकडा अशा यंत्रांत आणखीच कमी भरवशाचा असतो.

आकडा मिळाल्यावर तो कशाशी ताडून पाहावा, हा पुढील प्रश्न. भारतात २००९ साली ठरलेल्या मानकांनुसार बाहेरच्या हवेतील पीएम २.५ची चोवीस तासांची सरासरी ६० आणि वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेली मार्गदर्शक मूल्ये बाहेरच्या आणि घरातल्या अशा दोन्ही हवांना लागू असून ती पुष्कळ कडक आहेत: चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षासाठी ५. ही सर्व मूल्ये सरासरीची आहेत, त्यामुळे भाजी परतताना क्षणभर दिसलेल्या तीनशेच्या आकड्याची तुलना त्यांच्याशी करणे योग्य नाही. दिवसभराची सरासरी आणि चढलेला आकडा खाली येण्यास लागलेला वेळ, या दोन गोष्टी अधिक सांगून जातात. आणखी एक सावधगिरी अशी, की अनेक यंत्रे मायक्रोग्रॅमऐवजी रंगीत निर्देशांक दाखवतात आणि तो पुष्कळदा अमेरिकन पद्धतीचा असतो. पीएम २.५ची ५० मायक्रोग्रॅम ही पातळी भारतीय निर्देशांकात ‘समाधानकारक’ ठरते, तर अमेरिकन निर्देशांकात तीच संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक ठरते. म्हणून रंगावर न जाता मूळ मायक्रोग्रॅमचा आकडा वाचण्याची सवय ठेवावी.

दुसरा महत्त्वाचा आकडा कार्बन डायऑक्साइडचा, जो ‘पीपीएम’ म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग या मापाने सांगितला जातो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आज सुमारे ४२० आहे, तर माणसाच्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असते. १८५८ साली म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी असे मांडले, की हा वायू स्वतः त्या प्रमाणात विषारी नसला तरी त्याच्या वाढीवरून खोलीत माणसांच्या श्वासाने किती कोंदटपणा साचला आहे ते ओळखता येते, आणि त्यासाठी त्यांनी हजार भागांत एक भाग, म्हणजेच १,००० पीपीएम, ही खूण सुचवली. आजही खोलीतील हवा पुरेशी खेळती आहे की नाही हे पाहण्यासाठी तीच खूण वापरली जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत दोन प्रौढ माणसे झोपली, तर बाहेरची हवा मुळीच आत न आल्यास हे प्रमाण तासाला साधारण ८०० पीपीएमने वाढेल, असे हिशेबाने दिसते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत राहते म्हणून वाढ काहीशी मंदावते, तरी पहाटेपर्यंत आकडा दोन हजारांपुढे जाणे मुळीच दुर्मीळ नाही. भिंतीवरील सामान्य वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा थंड करून परत खोलीत सोडते, बाहेरची ताजी हवा आणत नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

याच आकड्याच्या साहाय्याने खोलीतील वायुविजन, म्हणजे जुनी हवा जाऊन नवी येण्याचा वेग, घरच्या घरी मोजता येतो. समजा, खोलीत १,४२० पीपीएम नोंद असताना सर्व माणसे बाहेर गेली आणि दार लावून घेतले. बाहेरच्या ४२०पेक्षा खोलीतील आधिक्य १,००० आहे; ते सुमारे ३७० उरेपर्यंत, म्हणजे यंत्रावरील आकडा ७९०वर येईपर्यंत, जितका वेळ जातो तितक्या वेळात खोलीच्या आकारमानाइतकी बाहेरची हवा आत आलेली असते. हा वेळ दोन तास भरला तर खोलीत तासाला अर्ध्याच आकारमानाची हवा येते, आणि खिडकी किलकिली ठेवून तो वीस मिनिटांवर आला तर तीनपट आकारमानाची. ही चाचणी मात्र खऱ्या संवेदकावरच करावी, जो अवरक्त किरण हवेतून पाठवून या वायूने त्यांतील किती भाग शोषला ते पाहतो. काही स्वस्त यंत्रे इतर वायूंच्या आकड्यावरून कार्बन डायऑक्साइडचा केवळ अंदाज बांधून तो मोजल्यासारखा दाखवतात, आणि तसे यंत्र उदबत्ती लावताच उसळी घेते.

तिसरा आकडा बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा, म्हणजे साध्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या कार्बनी पदार्थांचा असतो. ताजा ऑइलपेंट, नवे प्लायवुडचे फर्निचर, फिनेल, अत्तरे, हात निर्जंतुक करण्याचा द्रव यांतून असे पदार्थ निघतात. त्यांतील काही निरुपद्रवी, तर फॉर्मल्डिहाइडसारखे काही घातक असतात. घरगुती संवेदक त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखू शकत नाही. म्हणून या आकड्याला मूल्य म्हणून न वाचता घरात काहीतरी बदलले याची सूचना म्हणून घ्यावे.

या सर्वांहून गंभीर गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची आहे. रंग आणि वास नसलेला हा वायू इंधन अपुऱ्या हवेत जळते तेव्हा तयार होतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू राहिल्याने झालेले मृत्यू महाराष्ट्रात वारंवार नोंदले गेले आहेत. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवण्याची आणि बाळाला धुरी देण्याची प्रथाही याच दृष्टीने तपासून पाहावयास हवी. तीमागील माया खरी असली, तरी त्या कोंडलेल्या हवेत धूर आणि हा वायू दोन्ही असतात आणि श्वास घेणारे फुप्फुस नुकतेच जन्मलेले असते. सामान्य हवामापक यंत्र हा वायू मोजत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा चांगला दिसला म्हणून मोनॉक्साइड नाही असे समजणे जिवावर बेतू शकते. त्यासाठी विद्युत्-रासायनिक संवेदकाचे स्वतंत्र सूचक यंत्र लागते, ज्याची मुदत काही वर्षांनी संपते; आणि ते बसवले तरी गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत लावणे हाच खरा उपाय राहतो.

यंत्र वापरण्याची पद्धत साधी आहे, परंतु तिला शिस्त हवी. ते बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकी, पंखा, शेगडी आणि थेट ऊन यांपासून दूर ठेवावे. पहिला आठवडा घरात कोणताही बदल न करता केवळ नोंदी घ्याव्यात: स्वयंपाक केव्हा झाला, केर केव्हा काढला, देवघरात धूप केव्हा लावला, डासांची कॉईल केव्हा पेटवली. चीन व मलेशियात बनलेल्या कॉईलींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक कॉईल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे आढळले होते. त्यामुळे कॉईलीच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे आणि तिच्या जागी मच्छरदाणी लावून आकडा पुन्हा पाहावा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकच यंत्र, एकच जागा आणि एकच बदल अशी तुलना केली, म्हणजे यंत्राचा आकडा काही टक्क्यांनी चुकत असला तरी ती चूक दोन्ही बाजूंना सारखीच राहते आणि निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. घरगुती यंत्राचे खरे सामर्थ्य या तुलनेत आहे.

तुलनेतूनच खिडकीचा प्रश्नही सुटतो, कारण खिडकी उघडली की कार्बन डायऑक्साइड उतरतो, पण वाहत्या रस्त्याकडची धूळ आत येते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि प्रदूषण खालीच साचते. अशा दिवसांत मुंबई-पुण्यात ऊन चढल्यावर खिडक्या उघडणे अधिक हिताचे, तर पावसाच्या सरींनी धुतलेल्या हवेत त्या शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. हवा शुद्ध करणारे गाळणीचे यंत्र सूक्ष्म कण कमी करते, मात्र कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. स्वयंपाकघरातील चिमणीचा पाइप इमारतीबाहेर नेलेला नसेल तर ती तेलकटपणा अडवते, पण वाफा आणि वायू घरातच परत सोडते. हा फरक यंत्राच्या आलेखावर एका आठवड्यात दिसून येतो, आणि अशी नोंद हाती असली म्हणजे घरमालकाकडे किंवा गृहनिर्माण संस्थेकडे बाहेर जाणाऱ्या नळीची मागणी ठामपणे करता येते.

यंत्र घरी आले की ते बहुधा दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल अशा ठिकाणी, मांडले जाते, आणि तेथील हवा घरातील सर्वांत चांगली असण्याचा संभव असतो. मोजमापाचा हेतू माणसाचे आरोग्य हा असेल, तर यंत्राने प्रथम स्वयंपाकघरात, नंतर लहान मुले आणि वृद्ध झोपतात त्या खोलीत आणि सर्वांत शेवटी दिवाणखान्यात जावे. घरातील सर्वांत वाईट हवा जी व्यक्ती सर्वांत अधिक वेळ घेते तिच्या श्वासापाशी केलेली नोंद हीच त्या घराच्या हवेची खरी नोंद होय, आणि घरातील प्रत्येक सुधारणेचा आरंभ त्या व्यक्तीपासून व्हावा.