चाल : गळ्याची आणि पायांची



भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराकडे येताना आम्हांला एकच धास्ती होती. कोळीगीते ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपुढे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची कथा कशी लावावी? पण 'चाल' हा आपला शब्द मदतीला धावला. गाण्यालाही चाल असते, माणसालाही असते.

अंतोनिन द्वोर्झाक हा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा, संगीतकार. जन्म 1841 चा. बाप खाटीक, शिवाय खेड्यात सराय चालविणारा. त्या मुलखात 'फुरियान्त' नावाचा नाच आहे. जरा टाळी वाजवून पाहा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन, लगेच एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आधी दोन-दोनचे तीन गट, मग तीन-तीनचे दोन. मात्रा दोन्हीकडे सहाच, पण पाय अडखळतो आणि सावरतो. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रांत हा खट्याळपणा मुरलेला नाही.

1878 च्या 'स्लाव्ह नृत्यां'त द्वोर्झाकने हीच ओढाताण घेतली. सूर मात्र स्वतःचे रचले. उलट 1887 च्या पियानो-पंचकाच्या तिसऱ्या भागावर त्याने 'फुरियान्त' असे लिहिले खरे, पण तिथे ती ओढाताण जवळजवळ नाही. चाल वेगवान वॉल्ट्झची. म्हणजे नाव लोकांचे, पाय शहराचे! रचना तरीही गोड आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

खरी कमाल 'दुमकी' त्रयीत आहे. दुमका हा शब्द युक्रेनकडचा : मुळात शोकगीत. द्वोर्झाकने अशा सहा दुमका एकापुढे एक मांडल्या आणि चार भागांचा रूढ साचा बाजूस ठेवला. विलाप चालू असतो, तोच नाच उसळतो, आणि पुन्हा विलाप. ही मनाची चाल त्याने लोकांकडून उचलली. 11 एप्रिल 1891 रोजी प्रागमध्ये तो स्वतः पियानोवर बसला. पुढच्या वर्षी अमेरिकेस जाण्यापूर्वी बोहेमिया-मोरावियाच्या गावोगावी त्याने ही त्रयी नेली.

त्याच बोहेमियातला वॉल्टर कॉफमन 1934 साली मुंबईस आला. त्याने मेहली मेहतांसह बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. आपले संगीत प्रथम त्याच्या कानाला रुचले नाही. पण इतक्या लोकांना प्रिय असलेली वस्तू आपल्याला कळत नसेल तर उणीव आपलीच, असे मानून तो शिकत बसला. तंबोऱ्यावर व्हायोलिनने उमटणारी आकाशवाणीची परिचयधून त्याचीच मानतात.

आणि आम्ही? कोळीगीताचे सूर व्हायोलिनवर चढविले की लोकसंगीत अभिजात झाले, असे आपल्याकडे सर्रास समजतात. वल्ह्याच्या ओढीचा झोक मात्र किनाऱ्यावरच राहतो. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो अंगाने अनुभवला असेल. व्याख्यानानंतर कोणी हाताने करून दाखविला तर आम्ही ऋणी राहू.

आता ध्वनिमुद्रिका लावतो. पहिलीच दुमका आहे. चेलो हंबरडा फोडतो तिथे घाई करू नका. नाच पुढेच आहे.