शस्त्रक्रियेनंतरची रात्र
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण रोगी दगावला’ हे वाक्य लोक थट्टेने उच्चारतात. आमच्या घरी ती थट्टा राहिलेली नाही. आमच्या धाकट्या बंधूंचे आतडे फुटले, शस्त्रक्रिया निर्दोष पार पडली; परंतु तिसऱ्या रात्री जंतुदोष रक्तात भिनला, रक्तदाब उतरला, लघवी थांबली. ही चिन्हे कागदावर टिपली गेली. त्यांचा अर्थ लावणारा मात्र त्या वेळी तेथे कोणी नव्हता.

अर्थ लावण्याची ही विद्या फार जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा भरावी, असे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचविले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस रबरी पिशव्या दाबल्या आणि ८० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अत्यवस्थ रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला.

अमेरिकेत १९८६ पासून शल्यचिकित्सकांसाठी या विषयाची स्वतंत्र परीक्षा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत एम.एस. नंतर आघात-शल्यचिकित्सा व अतिदक्षता या विषयाची तीन वर्षांची एम.सीएच. पदवी आहे. श्वासयंत्र किती दाबाने चालवावे, सलाईन कधी आवरावे, मूत्रपिंडे थकल्यास डायलिसिस केव्हा आरंभावे, हे तेथे रोग्याच्या उशाशी उभे राहून शिकावे लागते. पोट पुन्हा उघडावे की धीर धरावा, हा निर्णय सर्वांत कठीण. म्हणूनच तेथे शस्त्र जाणणारा मनुष्य हवा.

आपला विद्यार्थी साहाय्यक निधी पदवीपाशी येऊन थांबतो. एम.एस. झालेला तरुण तिशीला टेकलेला असतो. पुढील शिक्षणात विद्यावेतन मिळते, हे खरे. परंतु घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, वडिलांचे निवृत्त होणे, हे सारे त्याच्या प्राप्तीकडे डोळे लावून असते. मग तो दवाखाना थाटतो. त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून आमची सूचना अशी की, हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या एका तरी मुलास अथवा मुलीस संस्थेने तीन वर्षे बिनव्याजी साहाय्य द्यावे. प्रारंभ म्हणून आमच्या कुटुंबाची अल्प देणगी आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. तिला कोणाचेही नाव देऊ नये. एखाद्या घरचा धाकटा भाऊ परत आला, म्हणजे आमचे देणे फिटले.